काटवलाची बी मिरगाचीच वाट का पाहते?

प्रश्न : दिवाळीत पिकलेल्या काटवलाच्या बिया कुंडीत लावल्या. रोज पाणी घातलं, पण एकही उगवली नाही. वावराच्या धुऱ्यावर मात्र मिरगाच्या पावसात न पेरता वेल निघतात. असं का? (एक वाचक, अकोट)

उत्तर : धुऱ्यावरचे ते वेल बहुतेक बियांचे नसतातच. काटवल, म्हणजे पुण्याकडचं करटुलं, हिवाळ्यात वरून वाळतं. पण जमिनीखाली कंद जिवंत असतो. पहिल्या पावसाची ओल पोचली की त्याला कोंब फुटतो.

बीचं तसं नाही. एक हातात घेऊन पाहा. लाल चिकट गर धुतला की काळसर, खडबडीत टरफल लागतं, नखाने न टोचणारं. त्यातून पाणी सावकाश शिरतं आणि आतला अंकुरही फळ पिकल्यावर काही महिने झोपलेलाच असतो. ही झोप तिच्या भल्याची. भादव्यात फळ उकलतं तेव्हा जमीन ओली असते. तेव्हाच बी उगवली, तर कंद पोसायच्या आत थंडी आणि कोरड रोपाला गाठणार. भोपळावर्गातल्या बियांना 25 ते 30 अंशांची ऊब लागते, आणि दिवाळीनंतर आपल्याकडच्या रात्री गार होतात. शिवाय रोज पाणी घातलं की काळी माती चिकटून बसते, हवा कोंडते, बी कुजते. मला वाटतं, तुमच्या बिया थंडीपेक्षा पाण्यानेच गेल्या.

यंदाची बी धुऊन सावलीत वाळवा आणि मेअखेरपर्यंत कोरडी ठेवा. मग नेलकटरने टरफलाची कड जराशी तोडा, आतल्या डाळीला धक्का न लावता. रात्रभर भिजवून, रेती-शेणखत मिसळलेल्या मातीत बोटाच्या पेराएवढी खोल लावा. सगळ्या एकदम निघणार नाहीत. कुंडी लगेच उपसू नका.

काटवलात नर वेल वेगळा, मादी वेगळी. बीवरून ते कळत नाही, फूल येईपर्यंत थांबावं लागतं. मादीच्या फुलाखाली इवलंसं काटेरी काटवल असतं, नराच्या नसतं. म्हणूनच लागवड करणारे कंद लावतात आणि आठ-दहा मादी वेलांमागे एक नर ठेवतात. मात्र मेळघाटातले कंद उपटून आणू नका. तिथला वेल बीने परत यायला वर्षं जातात. तुमच्याच धुऱ्यावर मादी वेल असेल, तर श्रावणातच शेजारी काडी रोवून ठेवा. वेल वाळल्यावर कंदाची जागा सापडत नाही.