रुग्णालयानंतरचा आधार : आपुलकीचा लघुसंदेश

आत्महत्येच्या प्रयत्नानंतर तातडीचे उपचार होऊन मुलगा किंवा मुलगी घरी परतली, म्हणजे संकट टळले अशी कुटुंबाची समजूत होते. वस्तुतः रुग्णालय सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे व महिने अधिक जोखमीचे असतात. प्रकृती सावरलेली दिसली, तरी मनावरील ताण कायम असतो आणि पुढील उपचारांसाठी अनेक जण येतच नाहीत. या काळात त्यांच्याशी संबंध कसा टिकवावा, हा महत्त्वाचा प्रश्न होय.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेरोम मोटो यांनी यावर एक साधा उपाय योजला. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ व्यक्तींचे त्यांनी दोन गट केले. एका गटास पाच वर्षांत २४ छोटी पत्रे पाठविण्यात आली. त्यांत उपदेश नव्हता, की कसली अपेक्षाही नव्हती; केवळ विचारपूस होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण कमी आढळले.

पत्राची जागा आता मोबाइलवरील लघुसंदेशाने घेतली आहे. मात्र हा प्रयोग प्रौढांवर झालेला असल्याने, किशोरवयीनांच्या बाबतीत संदेश हा उपचारांना पर्याय नसून पूरक मानावा.

संदेश पाठविण्यापूर्वी मुलाची संमती घ्यावी व पालकांना विश्वासात घ्यावे. संदेश ओळखीच्या आरोग्यसेवकाच्या नावाने, ठरलेल्या अंतराने जावा. घरातील फोन अनेकांच्या हाती असतो. म्हणून त्यात घडल्या प्रसंगाचा उल्लेख नसावा. उत्तराची सक्ती करू नये. परंतु उत्तर आल्यास ते कोण व केव्हा वाचणार, हे आधीच निश्चित करून मुलालाही सांगावे. धोक्याची सूचना देणारे उत्तर अनुत्तरित राहणे घातक ठरू शकते.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते. तिला शुश्रूषा व पुनर्वसन पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक संदेशाच्या शेवटी देता येईल.

शाळेत परतलेल्या अशा विद्यार्थ्याची चौकशी करण्याऐवजी शिक्षकांनी त्याची सहज विचारपूस करावी, आणि गावात त्याची चर्चा होऊ नये याची दक्षता पंचायत सदस्यांनी घ्यावी. आपली कोणालातरी आठवण आहे, ही जाणीव टिकविणे हेच या साऱ्या प्रयत्नांचे प्रयोजन आहे.