जावा की पायथॉन, त्याआधीचा प्रश्न

बारावीचा निकाल लागला की पालक विचारतात, ‘जावा शिकवू की पायथॉन?’ हल्ली पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: एआयच कोड लिहिणार असेल तर मुलीला या वाटेला घालावं का? काळजी खरी आहे. पण या व्यवसायात टिकतं ते रचनेचं कसब, आणि ते कोणत्याही एका लँग्वेजशी बांधलेलं नसतं.

यूपीआयचंच बघा. मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआय या पेमेंट संस्थेने ते २०१६ मध्ये आणलं. अ‍ॅप वेगळं, बँक वेगळी आणि मधला व्यवहार ठरलेल्या नियमांनी, असा त्याचा पाया. म्हणून तुमचं अ‍ॅप एका कंपनीचं, खातं भलत्याच बँकेत, तरी पैसे भाजीवाल्याला पोचतात. नंतर बदलायला फार महाग पडणाऱ्या अशा निर्णयांना आर्किटेक्चर म्हणतात. पण काम तिथे थांबलं नाही. लोक चहाचे पैसेही स्कॅन करून देऊ लागले आणि प्रत्येक कपाचा भार बँकेच्या मुख्य यंत्रणेवर पडू लागला. त्यावर २०२२ मध्ये यूपीआय लाइट आलं: थोडी रक्कम आधीच बाजूला काढायची आणि किरकोळ खर्च पिनशिवाय त्यातूनच भागवायचा. पाया शाबूत ठेवून वरची रचना बदलत राहणं, हेच सतत चालू राहणारं डिझाइन.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की, पुढे बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा. तेव्हापासून कितीतरी लँग्वेज आल्या आणि मागे पडल्या. हा विचार आजही कामाला येतो.

‘सॉफ्टवेअर आर्किटेक्ट’ हे पद बऱ्याच वर्षांच्या अनुभवानंतर मिळतं. काही महिन्यांत ते मिळवून देतो म्हणणाऱ्या क्लासची फी कृपया भरू नका. त्याऐवजी, बीई असो वा बीसीए, डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम मन लावून शिकावं.

विद्यार्थ्यांनो, प्रोजेक्ट सबमिशननंतर टाकून देऊ नका. दुसऱ्या वर्षीच खरा वापरणारा शोधा. मेसवाल्या काकूंचा हिशेब घ्या. आधी फक्त महिन्याचं बिल. मग खाडे वजा करायचे. मग पाहुण्यांची ताटं. मग पंधरा तारखेपासून दर वाढला, तरी जुनी बिलं बदलता कामा नयेत. खाड्याचा नियम घालताना सात फायली उघडाव्या लागल्या, तर आधी रचना नीट करा, मगच पुढची सोय जोडा. कोडचा तुकडा एआय लिहून देईल. पण दर कुठे साठवायचा आणि कोणत्या तारखेपासून लागू धरायचा, हे काकूंशी बोलून तुम्हालाच ठरवावं लागेल. प्रत्येक बदलाचं कारण वहीत लिहून ठेवा आणि ती वही मुलाखतीला सोबत न्या.