चार्जिंगला लावलेला व्हेप तोंडाला लावू नका

"चार्जिंगला लावून ओढला तर चालतो का?" हॅरोतल्या माझ्या मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न आता रोजचाच झालाय. विचारणाऱ्यांत गुजराती असतात, पोलिश असतात, आपली मराठी मुलंही असतात. सिगारेट सुटावी म्हणून इथं बरेच जण व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे वळलेत, आणि ब्रिटनमध्ये 18 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तो कायद्यानं विकत घेता येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं. बहुतेक वेळा वाफ येईल, पण ओढू नका.

एवढ्या ठामपणे सांगतो, कारण माझ्याच घरात व्हेपचा स्फोट झालाय.

माझा भाचा इथं शिकायला आला आणि आमच्याकडेच राहिला. पुण्यात असताना लागलेली सिगारेट त्यानं इथं व्हेपच्या मदतीनं सोडली, त्याचं मला कौतुकच होतं. त्याच्याकडचं उपकरण बदलता येणाऱ्या बॅटरीचं, 18650 जातीचा एक सेल आत बसणारं. रात्री अभ्यास करताना ते केबलला जोडलेलं असायचं आणि मधूनमधून झुरकेही चालू असायचे. अडॅप्टर बाजारातून सुटा घेतलेला, त्यावर ना कंपनीचं नाव ना व्होल्टेजचे आकडे. त्या रात्री त्यानं खोलीतून हाक मारली, "मामा, हे बघा ना, धरवत नाहीये." मी जिन्यावरूनच भिंतीवरचं बटण बंद करायला सांगितलं. त्यानं केलं, केबल काढली आणि उपकरण खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला गेला. तेवढ्यात आतून कुकरची शिटी येण्याआधी होते तशी फुसफुस सुरू झाली, गोडसर, थिनरसारखा वास आला आणि सेल जाळ सोडत समोरच्या भिंतीवर आदळला. खालचा गालिचा पेटला. त्याची बोटं आणि मनगट भाजलं. आम्ही सगळे दार ओढून घेऊन बाहेर पडलो आणि 999 ला फोन केला.

वीज बंद केल्यावर स्फोट झाला, हे नीट लक्षात घ्या. सेलच्या आत एकदा उष्णतेची साखळी सुरू झाली की तिला बाहेरच्या विजेची गरज उरत नाही. धन आणि ऋण थरांमध्ये केसापेक्षाही पातळ पडदा असतो. तो वितळला की दोन्ही थर एकमेकांना भिडतात, उष्णता वाढते, त्या उष्णतेनं आणखी रासायनिक क्रिया होतात, आणि भोवतीचा द्रव तर ज्वलनशीलच. सेलचं नळकांडं पोलादी असतं. त्याची कमजोर बाजू म्हणजे टोक, त्यामुळं दाब तिथूनच फुटतो आणि सेल बाणासारखा सुटतो.

नंतर मी त्याच्याकडचा दुसरा, जोडीला घेतलेला सेल भिंगाखाली धरला. वरच्या बटणाभोवतीचं प्लॅस्टिकचं वेष्टण नखाएवढं फाटलं होतं. बघताना क्षुल्लक वाटतं. पण या सेलचं सगळं अंग ऋण असतं, फक्त वरचं बटण धन, आणि दोघांमध्ये काठावर जेमतेम मिलिमीटरभर अंतर. तिथलं वेष्टण गेलं की उपकरणाच्या धातूला टेकून शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. जळालेल्या सेलचंही तेच झालं असावं आणि चार्जिंग-ओढण्याच्या उष्णतेनं त्यात भर घातली असावी, असं माझं मत आहे.

आता मूळ प्रश्न. चार्जर सेलमध्ये साधारण 1 अँपिअर ढकलत असतो. त्याच वेळी तुम्ही झुरका घेता. वाफ करणाऱ्या कॉइलचा रोध 0.6 ओहम धरला तर 3.7 व्होल्टला ती सेलमधून सहा अँपिअर खेचते. म्हणजे चार्जिंगची ऊब आणि खेचण्याची ऊब, दोन्ही एकाच बंदिस्त डबीत. शिवाय चार्जिंगचं सर्किट 4.2 व्होल्टला पोचल्यावर आत जाणारा करंट अगदी कमी झाला की "भरलं" असं समजून थांबतं. मधेमधे झुरके घेतले की त्याचा हिशेब चुकतो आणि सेल विनाकारण वरच्या व्होल्टेजला ताणलेला राहतो. चांगल्या उपकरणांत यासाठी वेगळी सोय असते, काही तर केबल लावली की वाफ बंदच करतात. तुमच्या माहितीपुस्तिकेत चार्जिंग चालू असताना वापरता येतं असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर येत नाही असंच धरा. आणि लिहिलेलं असलं तरी मी ओढणार नाही. कारण तेव्हा तुमच्या ओल्या ओठांमध्ये आणि भिंतीतल्या 230 व्होल्टमध्ये फक्त एक अडॅप्टर असतो. बनावट अडॅप्टरमधलं विद्युतरोधन किती तकलादू असतं, ते मी दुकानात उघडून रोज बघतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं 2009 ते 2016 या काळात बातम्यांत आलेल्या, व्हेप पेटण्याच्या किंवा फुटण्याच्या 195 घटना गोळा केल्या होत्या. त्यातल्या 48 चार्जिंग चालू असताना घडल्या. त्याहून जास्त, म्हणजे 61 घटना खिशात ठेवलेल्या सेलच्या किंवा उपकरणाच्या आहेत. सुटा सेल नाण्यांबरोबर, किल्ल्यांबरोबर खिशात टाकला की मांडी भाजते. पाच पौंडांच्या आतबाहेर प्लॅस्टिकची डबी मिळते, ती घ्या.

काय करायचं म्हणाल तर पहिली गोष्ट, ओढण्याची वेळ आणि चार्जिंगची वेळ वेगळी ठेवा. तलफ थांबत नसेल तर दोन सेल ठेवा आणि रिकामा सेल बाहेरच्या, नावाजलेल्या चार्जरमध्ये भरा. उपकरणाबरोबर आलेली केबल आणि पुस्तिकेत सांगितला असेल तसाच अडॅप्टर वापरा. बहुतेक छोट्या उपकरणांना 5 व्होल्ट, 1 अँपिअर पुरतो. फोनचा दणकट फास्ट चार्जर चांगल्या उपकरणाला त्रास देत नाही, पण स्वस्त उपकरणात करंट आवरणारा भागच निकृष्ट असतो, म्हणून तो टाळलेला बरा. चार्जिंग जागेपणी, डोळ्यांसमोर, फरशीवर किंवा ओट्याच्या दगडावर. गादी, उशी, सोफा अजिबात नको. पोर्टमध्ये खिशातला कापसासारखा मळ साचतो, तो उपकरण बंद करून कोरड्या लाकडी काडीनं काढा, पिन खुपसू नका. वेष्टण फाटलेला, चेपलेला, पाण्यात पडलेला किंवा फुगलेला सेल वापरायचाच नाही. तो घरच्या कचऱ्यातही टाकू नका. इथल्या मोठ्या सुपरमार्केटमधला बॅटऱ्यांचा डबा धड, वापरून संपलेल्या सेलसाठी असतो; असा खराब सेल कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रावर नेऊन द्या.

आणि उपकरण हातात धरवेना इतकं तापलं, फुसफुसलं किंवा गोडसर वास आला, तर ते वाचवायला जाऊ नका. शक्य असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा, दार ओढून घ्या, माणसं बाहेर काढा आणि 999 ला फोन करा. भाजलं असेल तर वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगा, की हे बॅटरीनं भाजलंय. सेलमधलं रसायन कातडीवर राहिलेलं असू शकतं आणि त्याची तपासणी निराळी असते. भाच्याच्या वेळी नर्सला आम्ही ते दारातच सांगितलं, म्हणून तिनं आधी कातडीवरचं रसायन तपासलं.

विमानात व्हेप चेक-इन बॅगेत टाकायचा नाही, आणि आत बसून चार्जही करायचा नाही. भारतात जाताना तर तो बरोबर नेऊच नका. 2019 च्या कायद्यानं तिथं ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे आणि आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्यानं कधी सिगारेटच ओढली नाही, त्यानं या वाटेला जाण्याचं तर काहीच कारण नाही.

इंग्लंडात शिकणारी मुलं ज्यांच्या घरची आहेत, त्या आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलगा व्हेप ओढतो हे कळल्यावर रागवा, जरूर रागवा. पण त्याच फोनवर त्याला हेही विचारा, की रात्री तो चार्जिंगला कुठं लावतोस.