बॅटरी फुटली तर आधी पाणी, मग दवाखाना

बॅटरीतले ॲसिड डोळ्यांत उडालेला रुग्ण समोर आला की नाव-गाव विचारण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, "डोळे धुतले का?" सोबतची माणसे बहुधा सांगतात, "नाही डॉक्टर, वेळ घालवला नाही. तसेच गाडीत बसवून तुमच्याकडे आणले." धावपळ जिवाच्या आकांताने केलेली असते, पण त्या अर्ध्या तासात ॲसिड बुबुळाला भाजतच राहते. अशा रुग्णाची नजर किती वाचणार हे बरेचसे डोळ्याला पहिले पाणी कधी लागले यावर ठरते. म्हणून वाचकहो, पुढचे सारे विसरलात तरी चालेल, पण शीर्षक विसरू नका.

बॅटरी फुटते कशी?

कार, ट्रॅक्टर, ट्रक, रिक्षा आणि घरातला इन्व्हर्टर यांत सहसा शिसे आणि ॲसिडची बॅटरी असते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. त्यांत शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले सल्फ्युरिक ॲसिड असते. वजनाने पाहिले तर त्या द्रवात साधारण एक तृतीयांशाहून थोडे अधिक ॲसिड असते.

बॅटरी चार्ज होत आली की वीज पाण्याचे विघटन करू लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात. आपोआप बंद न होणारा साधा चार्जर भरलेल्या बॅटरीला १० अँपिअरने तासभर जास्त चालू राहिला, तर सुमारे २५ लिटर हायड्रोजन तयार होऊ शकतो. हवेत अवघा ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो पेटायला डोळ्यांना धड दिसणारही नाही एवढी ठिणगी पुरते. ठिणगी पडली की बॅटरीचे प्लॅस्टिक कवच फुटते आणि ॲसिडसह त्याचे तुकडे उडतात. त्या वेळी माणूस बहुधा बॉनेटखाली वाकलेला असतो, म्हणून पहिला मार चेहऱ्याला आणि डोळ्यांना बसतो.

ठिणगी पडण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. पाणी किती आहे ते बघायला कोणी काडी किंवा लायटर पेटवतो. पान्याचा स्पर्श एकाच वेळी दोन्ही टर्मिनलना होतो. चार्जर चालू असतानाच त्याचे चिमटे ओढले जातात. उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून वायर जोडताना चूक होते. शिवाय पाणी कमी झालेल्या बॅटरीत वायू साठायला जागा वाढते आणि पट्ट्या उघड्या पडतात. अशी बॅटरी नुसता सेल्फ मारतानाही आतल्या आत ठिणगी पडून फुटू शकते.

डोळ्याचे काय होते?

इथे दोन इजा एकदम होतात. ॲसिडने बुबुळावरचे पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, भाजते. त्याच वेळी तुकड्यांच्या आणि स्फोटाच्या माऱ्याने डोळ्याच्या आत रक्तस्राव होऊ शकतो, भिंग सरकू शकते, मागचा पडदा फाटू शकतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उद्भवतात. म्हणून दुखणे थांबल्यावरही तपासणी सोडू नये.

कॉर्नियाच्या कडेला मूळ पेशींची एक गोल पट्टी असते. कॉर्नियाचा वरचा थर या पेशी सतत नवा करत असतात. त्या जळाल्या तर कॉर्निया पांढुरका होतो आणि त्यावर रक्तवाहिन्या चढतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर एक शस्त्रक्रिया मांडली. दुसऱ्या निरोगी डोळ्यातील अशा पेशींचा छोटा तुकडा घेऊन त्याचे बारीक कण जखमी डोळ्यावर पेरले जातात. अनेकांना तिने दृष्टी परत दिली आहे. पण तिच्यासाठी दुसरा डोळा चांगला हवा, आणि बॅटरीच्या स्फोटात कधी कधी दोन्ही डोळे भाजतात.

आणखी एक धोक्याची खूण सांगतो. भाजलेला डोळा लाल दिसण्याऐवजी पांढराफटक दिसत असेल आणि फारसा दुखतही नसेल, तर तो बरा आहे असे मानू नका. तिथल्या रक्तवाहिन्या आणि नसा जळालेल्या असू शकतात.

स्फोट झाल्यावर पहिली वीस मिनिटे

१. जखमी माणसाला बॅटरीपासून दूर न्या आणि ताबडतोब डोळे धुवायला लागा. नळ, पाण्याची बाटली, हंडा-तांब्या, शेतातला पाइप, जे हाताशी असेल ते चालेल. स्वच्छ पाणी उत्तम, पण त्याच्या शोधात मिनिटे घालवू नका.

२. पापण्या आपोआप घट्ट मिटतात. दुसऱ्याने त्या बोटांनी हलकेच उघड्या धरायच्या. बुबुळावर दाब देऊ नका. धार सौम्य ठेवा आणि रुग्णाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगा.

३. एकाच डोळ्यात ॲसिड गेले असेल तर तो डोळा खालच्या बाजूला येईल असे डोके कलते करा, म्हणजे ते पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही.

४. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढा. त्यासाठी धुणे थांबवू नका.

५. किमान वीस मिनिटे धुवा. नंतर गाडीत बाटल्या घ्या आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाणी सोडत राहा.

६. ॲसिड लागलेले कपडे लगेच काढा. शर्ट डोक्यावरून ओढू नका, कात्रीने कापा. त्वचेवरही वीस मिनिटे वाहते पाणी हवे.

डोळ्यात तुकडा रुतलेला दिसला तर तो उपटू नका. हलक्या धारेने धुवा. धुऊन झाल्यावर डोळ्याला न टेकेल असा कागदी कप वरून धरा आणि निघा. मदतीसाठी १०८ वर फोन करा. शक्य असेल तर नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालयच गाठा. तिथे गेल्यावर "बॅटरीचे ॲसिड आहे, स्फोट झाला आहे" हे आधी सांगा, म्हणजे कागद करण्याआधी डोळे पुन्हा धुतले जातील. कानात गुणगुण किंवा बहिरेपणा, खोकला, धाप असेल तर तेही सांगा. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, हे विचारून घ्या.

दूध, गुलाबजल, मध, तूप, एरंडेल, टूथपेस्ट यांतले काहीही डोळ्यात घालू नका. घरातले जुने ड्रॉप्सही नकोत. खाण्याचा सोडा ॲसिडचा जोर मारतो, तो जमिनीवर सांडलेल्या ॲसिडवर जरूर टाका, डोळ्यात कधीही नाही. डोळा चोळू नका, पट्टी आवळू नका. ॲसिड तोंडात गेले असेल तर पाण्याने चुळा भरायला लावा. उलटी करायला लावू नका.

स्फोट टाळता येतो

बॅटरीजवळ विडी-सिगारेट, काडी, लायटर नको. उजेडाला टॉर्च वापरा आणि तो बॅटरीपाशी जाण्याआधीच लावा. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. नेहमीच्या चष्म्याच्या बाजूंनी ॲसिड आत येते, म्हणून चारी बाजूंनी बंद असलेला सुरक्षा चष्मा घाला. गॅरेज चालवणाऱ्यांनी तो प्रत्येक कामगाराला द्यावा, शिकाऊ पोरालाही. शेजारी पाण्याचा नळ किंवा भरलेली बादली असू द्या.

बॅटरी काढताना काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर आधी सोडवा. बसवताना ती शेवटी जोडा. चार्जर लावताना आधी चिमटे, मग स्विच. काढताना आधी स्विच बंद, मग चिमटे.

दुसऱ्या गाडीवरून चालू करायची असेल तर लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला लावा. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला लावा. तिचे उरलेले टोक उतरलेल्या बॅटरीला लावू नका. बंद गाडीच्या इंजिनवरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब लावा. ठिणगी पडलीच तर ती वायूपासून दूर पडावी म्हणून हा क्रम आहे. काढताना तोच क्रम उलटा. फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी बॅटरी अशी चालू करू नका आणि चार्जिंगलाही लावू नका.

इन्व्हर्टरची बॅटरी जिन्याखालच्या बंद कपाटात, माळ्यावर किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नका. तिला मोकळी हवा हवी. देवाची समई आणि गॅसची शेगडी तिच्यापासून लांब असावी. पाण्याची खूण नियमित बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर बॅटरी जास्त चार्ज होऊन बिघडली आहे असे समजा. तो वायू विषारी असतो. खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा, लांबच्या मुख्य स्विचवरून वीज बंद करा आणि मेस्त्रीला बोलवा.

विजेच्या स्कूटरमधली लिथियमची बॅटरी वेगळी. ती तापून भडकते. तिच्यातून धूर दिसला तर जवळ न जाता दूर व्हा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

आता एक काम आजच करा. घरात, गोठ्यात, गॅरेजात बॅटरी कुठे आहे आणि तिथून पाणी किती पावलांवर आहे हे बघा. पाणी लांब असेल तर भरलेला कॅन तिथे नेऊन ठेवा. बॅटरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, घरच्या माणसांना आणि गड्यांनाही, सांगून ठेवा की डोळ्यात ॲसिड गेले तर आधी वीस मिनिटे पाणी, मग दवाखाना.