भालकीची मुलगी, उदगीरचं कोर्ट

प्रश्न : आमच्याकडे मुलीनं जातीबाहेर लग्न ठरवलं की भावकी बसते. मोबाईल काढून घेतात, कोंडून ठेवतात. अशी मुलगी फॅमिली कोर्टाकडे संरक्षण मागू शकते का? ती हद्द ओलांडून महाराष्ट्रात उदगीरला मावशीकडे गेली, तर अर्ज कुठं करायचा?
– एक वाचक, भालकी (जि. बीदर)

उत्तर : घरचं भांडण म्हणून फॅमिली कोर्ट, असं वाटणं साहजिक आहे. पण 1984च्या कायद्यानं त्या कोर्टाकडे मुख्यतः नवरा-बायकोचे वाद, पोटगी आणि मुलांचा ताबा सोपवला आहे. इंग्लंडमध्ये 2007च्या कायद्यामुळे बळजबरीचं लग्न रोखणारा आदेश फॅमिली कोर्टच देतं. आपल्याकडे तशी सोय नाही. लग्न बळजबरीनं लावूनच टाकलं असेल, तर मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली ते तिथं रद्द करून घेता येतं. बळजबरी संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा.

लग्नाआधी या मुलीनं जायचं ते न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त सासरसाठी, हा समज खोटा आहे. एका घरात राहिलेले बाप-भाऊही त्यात येतात. मुलगी तात्पुरती राहते तिथंही अर्ज चालतो, म्हणजे उदगीरला चालेल. निकड असेल तर समोरच्यांचं म्हणणं ऐकण्याआधीच अंतरिम आदेश मिळू शकतो. तो भारतभर लागू असतो. भावानं भालकीत बसून तो मोडला, तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

खरी अडचण पोलीस ठाण्यात येते. बाप आधीच ‘मुलगी हरवली’ अशी तक्रार देऊन मोकळा झालेला असतो. बेळगाव जिल्ह्यातल्या मुरगोड ठाण्याचं प्रकरण असंच होतं. दिल्लीला जाऊन स्वखुशीनं लग्न केलेल्या प्राध्यापिकेला तपास अधिकाऱ्यानं बजावलं, इथं येऊन जबाब दे, नाहीतर नवऱ्यावर अपहरणाचा गुन्हा. फेब्रुवारी 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती तक्रारच रद्द केली आणि समुपदेशनाची गरज या अधिकाऱ्याला आहे, असं सुनावलं. सज्ञान दोघं राजी असतील, तर घरच्यांची किंवा जातीची संमती लागत नाही.

2005च्या कायद्याखाली लग्न करणाऱ्या मुलाला स्वतः अर्ज करता येत नाही. म्हणून दोघांनी मिळून कर्नाटक उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाकडे जावं. जिल्हा पोलीस अधीक्षकांकडेही लेखी अर्ज द्यावा. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018मध्येच बजावलं आहे.

  

वकिलाचे पैसे नसले तरी अडू नये. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, फोन 15100. लग्न विशेष विवाह कायद्याखाली करायचं असेल, तर नोंदणी कार्यालयात नोटीस 30 दिवस लागते आणि ती भावकीलाही वाचता येते. म्हणून संरक्षणाचा आदेश आधी घ्या, नोटीस नंतर द्या.