जुन्या गिटारला नवा रंग

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे का? तिचा रंग उडाला, लाकडाला खड्डे पडले, तरी ती फेकू नका.

प्रथम वायरी कुठे जोडल्या आहेत, त्याचे चित्र काढा. मग तारा, मान व विजेचे भाग सोडवा. खड्ड्यांत लांबी भरा. ती वाळल्यावर नाकातोंडावर मास्क बांधा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने पॉलिश पेपर घासा. धूळ पुसून प्रायमर लावा. नंतर उघड्या हवेत रंगाचे पातळ हात द्या. घाई केल्यास रंग ओघळतो. मान बसते ती खाच मात्र रंगवू नका. तेथे रंग साचला, तर मान नीट बसत नाही.

शब्दार्थ : लांबी – खड्डे भरण्याचा लगदा.

प्रश्न : खाच का रंगवू नये?