प्रकाशाची किल्ली

कर्करोगावर दिलेले औषध रक्ताबरोबर शरीरभर फिरते. रोगट पेशी कोणती आणि निरोगी कोणती, हे त्याला फारसे ओळखता येत नाही. म्हणूनच अशा काही औषधांनी रोग्याचे केस गळतात व अंगातील शक्ती ओसरते. औषधाचा रेणू एरव्ही निरुपद्रवी राहावा आणि जेथे प्रकाश पाडावा तेथेच त्याने आपले काम करावे, अशी योजना करता येईल काय?

पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा एक लांबच लांब रेणू असतो. त्याची रचना नागमोडी वळत जाणाऱ्या जिन्यासारखी असते. या जिन्याची रुंदी २ नॅनोमीटर, आणि दोन पायऱ्यांमधील अंतर अवघे ०.३४ नॅनोमीटर! नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पुस्तकाच्या पानांत पिंपळाचे पान सरकवावे, तसे काही चपटे रेणू या पायऱ्यांमध्ये शिरून बसतात, असे लिओनार्ड लर्मन यांनी १९६१ साली दाखवून दिले. कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे औषध असेच मध्ये शिरते. मग डीएनएची नक्कल करण्याचे काम अडते व पेशीची वाढ खुंटते. शिरणारा रेणू मात्र चपटा हवा. वाकड्या रेणूला तेथे थारा मिळत नाही. प्रकाशाला वाव मिळतो तो येथेच.

अ‍ॅझोबेंझीन हा नारिंगी रंगाचा पदार्थ कापड रंगविण्याच्या अनेक रंगांचा आप्त होय. त्याच्या रेणूत कार्बनची दोन कडी नायट्रोजनच्या दोन अणूंनी सांधलेली असतात. एरव्ही हा रेणू सरळ व चपटा असतो. जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण पडताच तो कोपरात दुमडलेल्या हाताप्रमाणे वाकतो. निळ्या प्रकाशात पुन्हा सरळ होतो. त्याचे हे वाकडे रूप इंग्लंडमधील हार्टली यांनी १९३७ साली ओळखले.

जपानमधील असानुमा व कोमियामा यांनी १९९९ साली या गुणाचा मोठा सुंदर उपयोग करून दाखविला. प्रयोगशाळेत घडविलेल्या डीएनएच्या आखूड धाग्याला त्यांनी अ‍ॅझोबेंझीन जोडले. तो सरळ असे तोवर पायऱ्यांमध्ये नीट बसे आणि दोन धाग्यांची जोडी टिकून राही. जंबुपार किरणांनी तो वाकला, की योग्य तपमानात धागे विलग होत. दृश्य प्रकाश पाडला, की ते पुन्हा जुळत. त्यासाठी ना नवे रसायन ओतावे लागले, ना जुने उपसावे लागले.

परीक्षानळीत हे सोपे आहे. शरीरात तसे नाही. जंबुपार किरण कातडीच्या फार आत जात नाहीत, शिवाय ते स्वतःच डीएनएला अपाय करतात. बावचीच्या बियांतील सोरालेन हे द्रव्यही पायऱ्यांमध्ये शिरते व जंबुपार किरण मिळताच डीएनएला घट्ट चिकटते. कोडावर त्याचा उपयोग होतो तो रोग कातडीवरच असल्यामुळे. खोल दडलेल्या गाठीचे काय? त्यासाठी अ‍ॅझोबेंझीनचीच घडण बदलून, हिरव्या वा लाल प्रकाशाने वळणारे रेणू रसायनशास्त्रज्ञ घडवीत आहेत. लाल प्रकाश मांसात अधिक खोल पोहोचतो. अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या काचेवर बोटे धरली असता ती लालबुंद दिसतात, ती याच कारणाने.